डाळीतलं मीठ, मटणातला रस आणि तुघलकाचा नान-खलिया

लातूर जिल्ह्यातल्या एक ताई आजीची हाताने लिहिलेली वही आणि घरातली जुनी पाकशास्त्राची पुस्तकं धरून मराठवाड्याच्या स्वयंपाकावर पुस्तक करताहेत. वहीत लिहिलंय, ‘वरणात मीठ आधी घालू नये, डाळ शिजत नाही.’ एका पुस्तकात आहे की मटण मोठ्या आचेवर परतलं म्हणजे रस आत कोंडला जातो. दुसऱ्यात पालकातल्या लोहाचं कौतुक आहे. तिसरं म्हणतं, नान-खलिया, म्हणजे भट्टीतली रोटी आणि मटणाचा रस्सा, तुघलकाच्या फौजेबरोबर दिल्लीहून आला. यातलं किती खरं मानायचं, आणि चूक निघालं तर दुरुस्त करून छापायचं की आहे तसंच ठेवायचं, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, माझी निम्मी हयात गृहविज्ञान शिकवण्यात गेली आणि उरलेली लोकांची पाककृतींची हस्तलिखितं तपासण्यात. त्यामुळे तुमचे चारही दावे माझ्या ओळखीचे आहेत. माझा ठोकताळा सांगते. जुन्या पुस्तकात ‘असं करा’ म्हणून जे लिहिलंय त्यावर बिनधास्त विसंबा. त्याच्यापुढे ‘कारण’ म्हणून जे जोडलंय ते तपासा. आणि ‘हा पदार्थ अमक्याने आणला’ असं वाक्य दिसलं की पेन्सिल हातात घ्या. कृती चुकली तर त्याच दिवशी ताटात कळतं, घरातलं कुणीतरी बोलतंच, आणि पुढच्या वेळी हात आपोआप सावरून घेतो. कारण चुकलं तर भाजीचं काही बिघडत नाही. म्हणून ते शंभर शंभर वर्षं सुखाने छापलं जातं.

आता मिठाचं बघू, कारण आपल्याकडे हा विषय पाण्याशी येऊन भिडतो.

मिठाने डाळ शिजत नाही हे खरं नाही. डाळीच्या दाण्यातल्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थामुळे. शिजताना ते पेक्टिन विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि डाळ मऊ पडते. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असलं की ते या पेक्टिनला जखडून ठेवतात. मिठातलं सोडियम उलट त्यांची जागा घेतं आणि पकड सैल करतं. म्हणून हरभरा, हुलगा यांसारखी अख्खी कडधान्यं रात्री मिठाच्या पाण्यात भिजत घातली तर सकाळी लवकर शिजतात, सालही मऊ राहतं. आंबटाचं मात्र उलटं आहे. चिंच, आमसूल, टोमॅटो यांतल्या आम्लाने पेक्टिन विरघळायला तयार होत नाही. अर्धवट शिजलेल्या डाळीत चिंचेचा कोळ पडला की ती तिथेच अडते, मग कितीही वेळ चुलीवर ठेवा.

आजीने मिठाला दोष का दिला असेल? माझा अंदाज असा. आमटीला मीठ, चिंच आणि गूळ एकाच वेळी पडतात. घाईत ते लवकर पडलं, डाळ दडदडीत राहिली, आणि चिंचेचं पाप मिठाच्या माथी गेलं. शिवाय मीठ शेवटी घालण्यात दुसरा शहाणपणा आहेच. पाणी किती आटणार हे आधी कळत नाही, त्यामुळे शेवटी घातलं की खारट होत नाही. म्हणजे आजीची कृती बरोबर, तिचं कारण चूक.

खरा गुन्हेगार पाणी आहे. आपला सगळा भाग काळ्या पाषाणावर बसलेला, आणि खोल बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. घागरीच्या आत पांढरा थर धरतो तोच क्षार डाळीच्या दाण्यावर काम करत असतो. घरी करून बघण्यासारखी गोष्ट आहे. बोरसुरीची तूर डाळ घ्या, हिला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण दुसरी कुठलीही चालेल, एकाच पोत्यातली हवी एवढंच. सारख्या आकाराची तीन पातेली घ्या. पहिल्यात बोअरचं पाणी, दुसऱ्यात तेच पाणी आणि एक चमचा मीठ, तिसऱ्यात क्षार काढणाऱ्या आरओ फिल्टरचं पाणी. कुकर नको, झाकण ठेवून साध्या आचेवर शिजवा आणि थोड्या थोड्या वेळाने दाणा चिमटीत दाबून बघा. तिसरं पातेलं आधी शिजेल. मिठाचं पातेलं पहिल्याच्या मागे पडणार नाही, झालं तर किंचित पुढेच जाईल. चिमूटभर खायच्या सोड्यानेही डाळ पटकन शिजते, पण त्याने बी-१ जीवनसत्त्व मरतं आणि जास्त पडला तर चवीला साबण लागतो. आणखी एक: उन्हाळा-पावसाळा काढलेली जुनी डाळ मुळातच उशिरा शिजते. वहीत हे असेल तर ते कारण खरं आहे, ठेवा.

मटणाच्या रसाची गोष्ट थेट जर्मनीतून आली आहे. युस्टुस फॉन लीबिग हा फार मोठा रसायनशास्त्रज्ञ. त्याने १८४७ साली अन्नाच्या रसायनशास्त्रावर लिहिताना असं मांडलं की मांसाला सुरुवातीलाच जबर आच दिली की वरची प्रथिनं गोठून कवच होतं आणि रस बाहेर येत नाही. नाव एवढं मोठं की स्वयंपाक्यांनी उलट विचारलंच नाही. त्याआधी युरोपात मांस आचेपासून लांब ठेवून भाजायचं आणि शेवटी रंग आणायचा, अशीही रीत होती. ती मागे पडली. फ्रान्सच्या एस्कोफिये या नामांकित शेफने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेच उचललं, आणि तिथून ते जगभरच्या पुस्तकांत आणि फिरत फिरत आपल्या मराठी पुस्तकांतही आलं. १९३० च्या दशकात मांस तोलून प्रयोग झाले तेव्हाच कवचाची कल्पना टिकली नव्हती. सामान्य वाचकापर्यंत ते नीट पोचवलं स्वयंपाकाच्या विज्ञानावर लिहिणाऱ्या हॅरॉल्ड मॅक्गीने, १९८४ साली. मधली पन्नास वर्षं पुस्तकं तेच छापत राहिली.

खरं तर प्रयोगाचीही गरज नाही, कान पुरे. कढईत मटण टाकल्यावर जो चर्र आवाज सुरू होतो आणि थांबत नाही, तो पाणी बाहेर येऊन उडण्याचा आवाज आहे. कवच झालं असतं तर आवाज थांबला असता. आणि आपल्याकडचं अळणी मटण बघा ना. हळद, मीठ आणि पाणी घालून आधी नुसतं शिजवायचं, पाणी बाजूला काढायचं, मग काळा मसाला आणि कांदा-खोबऱ्याचं वाटण परतून त्यात फोडी घालायच्या. या पद्धतीत रस कोंडायचा प्रश्नच येत नाही, तरी मटण कोरडं पडत नाही.

मग आधी परतायचं का? चवीसाठी. जबर आचेवर मांसातल्या प्रथिनांची आणि शर्करेची जी क्रिया होते, जिचं वर्णन लुई-कामीय मेयारने १९१२ साली केलं, तिच्यामुळे तो खमंग तपकिरी रंग आणि वास येतो. येसरासाठी, म्हणजे आमटीत घालायच्या मसालेदार पिठासाठी, धान्य आणि डाळ भाजताना घर दरवळतं, त्यातही मुख्य हात याच क्रियेचा. म्हणजे इथेही तेच, परता म्हणून सांगितलेलं बरोबर, कारण दीड-पावणेदोनशे वर्षं चूक.

पालकाची गोष्ट या सगळ्यांत मजेदार आहे, कारण तिथे चूक शोधणारेच चुकले. तुम्ही ऐकलं असेल की एकोणिसाव्या शतकात एका जर्मन शास्त्रज्ञाने दशांश चिन्ह एक घर सरकवलं, पालकात दहापट लोह दिसलं आणि त्यातून पालक खाऊन ताकद येणारा कार्टूनमधला पोपाय जन्मला. हॅम्ब्लिन नावाच्या डॉक्टरांनी १९८१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ही हकिकत लिहिली आणि ती जगभर पसरली. २०१० साली माइक सटन या अभ्यासकांनी मूळ कागद शोधायला घेतले, तर दशांश चिन्ह घसरल्याचा पुरावाच मिळेना. वर पोपायच्या १९३२ च्या एका चित्रपट्टीत तो पालक खातो ते ‘अ’ जीवनसत्त्वासाठी, लोहाचं नावही नाही. ‘शास्त्रज्ञांची गंमतशीर चूक’ म्हणून छापलेला किस्सा स्वतःच बिनपुराव्याचा निघाला. गोष्ट जितकी चटकदार तितकी जास्त तपासावी, हे मी या प्रकरणावरून विद्यार्थिनींना सांगत असे.

पालकाबद्दल तुमच्या पुस्तकात एवढंच पुरेल: शंभर ग्रॅम कच्च्या पालकात साधारण ३ मिलिग्रॅम लोह असतं आणि त्यातलं अंगी लागतं थोडंच. बाजरीत त्याच्या दुप्पट आहे. भाकरीबरोबर लिंबू पिळलेलं काही असलं तर तिच्यातलं लोह बरं लागतं. इथल्या लेकीबाळींना पालकापेक्षा हे सांगणं जास्त कामाचं.

आता नान-खलिया. इथे मला थोडं कडक बोलावं लागेल, कारण छत्रपती संभाजीनगरातल्या प्रत्येक खाद्यलेखात ही ओळ असते आणि तिला कुणी हात लावत नाही.

मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, हे खरं. दिल्लीहून माणसं आली, त्यांत स्वयंपाकी असणार, हेही धरून चालू. पण आज आपण ज्याला खलिया म्हणतो तो लालभडक, तर्रीचा, तिखट मटणाचा रस्सा आहे. त्यातली लाल मिरची अमेरिका खंडातली. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली, आणि मिरची हिंदुस्थानात आली ती त्यानंतर पोर्तुगीजांबरोबर. म्हणजे तुघलकाच्या फौजेने जे काही खाल्लं असेल ते लाल नव्हतं. पुढे अकबराच्या काळात, १५९० च्या आसपास लिहिलेल्या आईन-ए-अकबरीत शाही मुदपाकखान्यातले पदार्थ मापांसकट दिले आहेत. त्यात कलिया आहे. मटण, तूप, कांदा, काळी मिरी, लवंग, वेलची. लाल मिरचीचा पत्ता नाही. तुघलकानंतर अडीचशेहून जास्त वर्षांनी, तेही बादशहाच्या पंगतीत, ही स्थिती.

म्हणून मग कथा खोटी ठरवायची का? तसंही नाही. रस्सा आणि भट्टीतली रोटी ही जोडी जुनी असू शकते, लष्करी स्वयंपाकात ती सोयीचीही असते. पण ‘असू शकते’ आणि ‘१३२७ साली आली’ यांत अंतर आहे. त्या काळच्या आपल्या मुलखातल्या खाण्याबद्दल खरोखर पाहून लिहिणारा माणूस म्हणजे मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता. तुघलकाच्या दरबारात त्याने खाल्लेला समोसा खिमा, बदाम, अक्रोड, पिस्त्यांचा आहे. बटाटा कुठून असणार, तोही पोर्तुगीजांच्या आधी इथे नव्हता. दौलताबादेबद्दल तो लिहितो की इथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात. नंदुरबारच्या मराठ्यांबद्दल लिहितो की त्यांचं खाणं म्हणजे भात, भाजी आणि तिळाचं तेल. पदार्थाचं मूळ सांगण्याचा आव न आणता जाता जाता केलेले असे उल्लेख मला जास्त भरवशाचे वाटतात. महानुभावांच्या लीळाचरित्रातही खाण्यापिण्याचे असे उल्लेख विखुरलेले आहेत. चक्रधरांचा वावर पैठण-बीडकडे बराच होता. तुमच्या पुस्तकाला तिथे जास्त माल मिळेल.

असाच प्रकार इडलीचा. मानसोल्लास हा ग्रंथ कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, साधारण ११३० साली करवला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या उमरगा-निलंग्याच्या शेजारचं. त्यात उडदाची ‘इड्डरिका’ आहे, मांडे आहेत, पोळी आहे. के. टी. अचया या अभ्यासकांनी १९९० च्या दशकात असं सुचवलं की तांदूळ घालून, आंबवून, वाफवलेली आजची इडली कदाचित इंडोनेशियाकडच्या संपर्कातून घडली असावी. त्यांचा तो तर्क होता. त्यांच्यानंतरच्या लेखांत ‘कदाचित’ गळालं, आणि आज ‘इडली इंडोनेशियाची’ हे ज्ञान म्हणून फिरतं. अचयांचं पुस्तक उघडून न बघता त्यांचं नाव देणाऱ्यांनी केलेली ही करामत. सांबाराला संभाजीराजांचं नाव मिळाल्याची तंजावरची कथा मी इथे सोडून देते, तिला त्या काळचा कागद नाही एवढं पुरे. उपवासाचंही थोडक्यात: साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा, शेंगदाणे, बटाटा, रताळं आणि मिरची हे सगळं अमेरिकेतलं. भगर मात्र इथली जुनी आहे. ‘प्राचीन काळापासूनची साबुदाण्याची खिचडी’ असं कुठे लिहिलं असेल तर काढून टाका.

तुमच्या वहीतल्या मापांकडे मात्र या सगळ्यापेक्षा जास्त लक्ष द्या. कारणातल्या चुकीने पदार्थ बिघडत नाही म्हटलं, मापातल्या चुकीने बिघडतो, आणि ही चूक बहुधा आजीची नसते, आपली असते, उतरवून घेताना होते.

वही जुनी असेल तर त्यात ‘१॥ शेर’ असं लिहिलेलं सापडेल. त्या दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. म्हणजे १। सव्वा, १॥ दीड, १॥। पावणेदोन. दुकानाच्या चोपड्यांत हीच रीत होती. आजची टायपिंग करणारी मुलगी त्या रेघा पूर्णविराम समजून काढून टाकते, नाहीतर ‘१११’ टाइप करते. मी स्वतः ‘१११ शेर गूळ’ असं मुद्रित पाहिलेलं आहे. निदान ते डोळ्यांत भरतं तरी. रेघा गळाल्या की दीडाचा एक होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. छापायला देण्याआधी जुन्या आडत दुकानात बसलेल्या एखाद्या वयस्कर मुनीमजींकडून पानं वाचून घ्या. ‘पाव’ आणि ‘पाऊण’ यांची अदलाबदल हा दुसरा नेहमीचा घोळ.

आणि शेर म्हणजे सरसकट किलो धरू नका. वजनाचा इंग्रजी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. पण धान्य, पीठ, शेंगा आपल्याकडे मापाने मोजायचे: चिपटं, मापटं, शेर, पायली. तो शेर भांड्याचा, वजनाचा नव्हे, आणि पायली तर गावागणिक लहानमोठी. मापाचा एक शेर ज्वारी आणि मापाचा एक शेर पीठ यांची वजनं वेगळी येतात. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, मेट्रिक मापांचा कायदा आला १९५६ ला आणि बाजारात रुळायला आणखी वर्षं गेली, म्हणून वही कधीची आहे हे आधी ठरवा. घरात जुनं माप पडलेलं असेल तर तेच भरून तोला. यापेक्षा चांगला पुरावा नाही.

जे लिहिलेलं नाही तेही बघावं लागतं. ‘पितळी पातेल्यात चिंचेचा सार उकळावा’ असं असेल तर आजीच्या डोळ्यांपुढे कल्हई केलेलं पातेलं होतं. ते सांगायची तिला गरज वाटली नाही, कारण कल्हईवाला दारावर यायचा. आज कुणी शोभेचं बिनकल्हईचं पातेलं घेऊन तो सार केला तर तांबं उतरून मळमळेल. इथे तळटीप द्यायलाच हवी. ‘मंद आच’ म्हणजेही तुराट्या ओढून घेतल्यावरचे निखारे, गॅसची बारीक ज्योत नव्हे.

दुरुस्त करायचं की ठेवायचं, याचं उत्तर असं. आजीचं वाक्य तिच्याच शब्दांत ठेवा, मिठाचंसुद्धा. खाली लहान अक्षरात तुम्ही काय पडताळलंत ते लिहा. मजकुरात गुपचूप हात घातलात तर पुढच्या माणसाला आजी काय म्हणाली आणि तुम्ही काय म्हणालात हे कळणार नाही. नान-खलियाच्या पानावर ‘असं सांगतात’ हे दोन शब्द घाला आणि मिरचीची तारीख द्या, वाचक पुढचं समजून घेतो. वहीतली जी पानं तेलाने, हळदीने माखलेली आहेत ती जास्तीत जास्त वेळा करून पाहिलेली आहेत, त्यांत कमी चुका निघतील. कोरी करकरीत पानं कुठून तरी उतरवून घेतलेली असण्याचा संभव जास्त.

लोणच्याचं पान मात्र, ते कितीही माखलेलं असलं तरी, वजन केल्याशिवाय छापू नका. वहीत ‘चार शेर कैरी, एक शेर मीठ’ असेल आणि कैरी मापाने, मीठ वजनाने घेतलेलं असेल, तर तुमचं ग्रॅममधलं रूपांतर कुठल्या कुठे जाईल. फोडी पुसून कोरड्या करून तोला. मीठ त्यांच्या वजनाच्या १५ ते २० टक्के येतंय का बघा. कमी येत असेल तर माप चुकीचं वाचलंय असं समजा आणि वहीतल्या रेघा परत मोजा.